गच्चीवरचे दोन पोर्शन: सोलापुरातल्या पहिल्या भाड्याच्या घराचा पूर्ण हिशेब

विजापूर रोडला सैफुलच्या पुढे, हद्दवाढ भागातल्या एका गृहनिर्माण सोसायटीत हे जोडपं राहतं. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात त्याची आई. मुलगा पुण्यात शिकायला. ओळख पटेल अशा खुणा इथे दिलेल्या नाहीत, पण हिशेब सगळा दिला आहे, कारण हे प्रकरण हिशेबाचंच आहे. त्यांची करविवरणपत्रं मी भरतो, म्हणून कागद माझ्या टेबलावर आले.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्यांच्या हाताशी १२ लाख रुपये होते. मुदत ठेवी, मुदत संपलेली एक विमा पॉलिसी आणि तिच्या पगारातली शिल्लक. ती १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन नाही. त्याच्या कारखान्यात पेन्शन म्हणून जे काही मिळेल, त्यात महिन्याचा किराणाही भागणार नाही. त्यामुळे दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: साठीनंतर दरमहा हातात येईल असं भाडं. शिक्षकांच्या घरी हा विषय आता सारखा निघतो, आणि तो हौसेपोटी निघत नाही, काळजीपोटी निघतो. म्हणून या प्रकरणाकडे मी मनापासून लक्ष दिलं.

समोर आलेले रस्ते

पहिला रस्ता सगळ्यांना सुचतो तोच, जुळे सोलापुरातला टू बीएचके फ्लॅट. किंमत ३६ लाख, तयार इमारत, त्यामुळे जीएसटी नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, पण घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. एकूण ३८ लाख १० हजार. बँक २६ लाख द्यायला तयार होती. म्हणजे घरातले १२ लाख जागच्या जागी संपणार, वर दहा हजार कमीच पडणार, आणि पंखे, गीझर, किचन ट्रॉली हे सगळं अजून बाकीच.

साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता २२,५०० च्या वर जातो. त्या इमारतीत भाडं चालू होतं दहा हजार. सोसायटीचा देखभाल खर्च हजार, महापालिकेचा कर महिन्याला साडेसातशेच्या आसपास. म्हणजे दर महिन्याला घरातून १४ हजार घालायचे, तेही भाडेकरू असेल तेव्हा. वर्षाकाठी एक महिना रिकामा धरा, रंगरंगोटीचे सहा हजार धरा, तर १ लाख २० हजारांतले ८३ हजार हाती उरतात. ३८ लाखांवर ८३ हजार म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाही. बँकेत ठेव ठेवली तर तेव्हा याच्या तिप्पट मिळत होतं, आणि ठेवीचा नळ कधी गळत नाही.

एजंटचं यावर ठरलेलं उत्तर असतं: किंमत वाढेल की. वाढेलही. पण ज्यांना साठीनंतर महिन्याला पैसे हवेत, त्यांनी वीस वर्षं महिन्याला पैसे घालत राहायचं, हे गणित माझ्या मनाला पटत नाही. त्यात कराचीही बाजू आहे. पहिल्या वर्षाचं व्याज दोन लाखांच्या वर जातं आणि घरभाड्याच्या सदरात सुमारे १ लाख ४० हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. दोघंही नव्या प्रणालीत आहेत. फ्लॅट विकणारे अजून जुन्याच हिशेबाने 'टॅक्स वाचेल' म्हणून सांगतात, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे शहराबाहेरचा गुंठेवारीचा प्लॉट, साडेसात लाखांना एक गुंठा. सातबारावर डझनभर नावं, बँक कर्ज देणार नाही, आणि रिकाम्या जागेला भाडं कोण देणार? हा विषय मी पाच मिनिटांत मिटवला.

तिसरा प्रस्ताव त्याच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याचा होता. पूर्व भागात जुनं घर घ्यायचं आणि चार लहान खोल्या करून विडी कामगार, यंत्रमाग कामगार कुटुंबांना द्यायच्या. वर्षानुवर्षं पूर्व भागात हा धंदा चालत आला आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठीच्या ३० हजार घरांपैकी पहिल्या १५ हजार घरांचा ताबा दिला गेला. जी माणसं कोंदट खोलीत भाडं भरत होती त्यांना स्वतःचं छप्पर मिळालं, याचा मला आनंदच आहे. पण त्याच माणसांच्या भाड्यावर पुढची वीस वर्षं विसंबायची तयारी करणं शहाणपणाचं नव्हतं.

चौथा रस्ता त्यांच्या डोक्यावरच होता. वडिलांनी ९० च्या दशकात बांधलेलं तळमजल्याचं घर, १,२०० चौरस फुटांचा प्लॉट, आणि गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर सोडलेल्या. सोलापुरात दर दुसऱ्या घराच्या गच्चीवर अशा सळया दिसतात. बापाने ठेवलेल्या असतात, पोरगा वर मजला चढवेल म्हणून.

आधी भाडेकरू

घर बघण्याआधी राहणारा बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. सोलापुरात भाड्याने कोण राहतं? सिव्हिल आणि खाजगी दवाखान्यांतल्या नर्स, शिकाऊ डॉक्टर, लॅबमधली पोरं. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून इथे रुग्ण येतात, त्यामुळे दवाखाने भरपूर आणि त्यांतला कर्मचारीही भरपूर. बदलीवर आलेले बँकेचे, महसूलचे, रेल्वेचे लोक. केगावला विद्यापीठाकडे विद्यार्थी. होटगीकडे फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पामुळे ठेकेदारांची माणसं. आणि एक गट, जो एजंटच्या तोंडी क्वचित येतो: मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट, सांगोल्याकडची शेतकरी कुटुंबं. मुलं अकरावी-बारावीला आली की शहरात एक खोली-किचन घेतात आणि नातवंडांबरोबर आजी राहायला येते. बाप शेती बघतो, आठवड्याला दूध, ज्वारी, भाजी घेऊन चक्कर मारतो.

या आजीसारखा भाडेकरू मिळणं भाग्याचं. दोन वर्षं घर बदलत नाही, भाडं वेळेवर येतं कारण पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो, आणि घर लख्ख राहतं. तिला दोन खोल्या पुरतात, पण चार गोष्टी लागतात: क्लासला जायला रिक्षा किंवा बस जवळ, खाली कोणी घरातलं माणूस, स्वतंत्र संडास-बाथरूम, आणि पाणी. टू बीएचके तिला नकोच असतो. नर्सनाही नको असतो. दहा हजारांचा एक फ्लॅट आणि सहा-सहा हजारांचे दोन पोर्शन, म्हणजे गच्चीवरची दोन छोटी स्वतंत्र बिऱ्हाडं, यांत मागणी कुठे आहे, ते त्या भागात चार संध्याकाळी फिरून, किराणा दुकानदाराला आणि मेसवाल्या मावशींना विचारून कळलं. ती चौकशी शिक्षिकेने केली, आणि तिने ती फार नीट केली. वहीत घर, भाडं, अनामत, पाणी आणि किती दिवस रिकामं, अशा रकान्यांची यादीच होती.

जमीन कोणाची

ठेकेदाराचा हिशेब सोपा होता. ८०० चौरस फूट, १,७५० रुपयांचा दर, म्हणजे १४ लाख. हौद, टाक्या, बाहेरून जिना, इंजिनिअर आणि परवानगी धरून १५ लाख ४० हजार. भाडं वर्षाला १ लाख ४४ हजार. सव्वानऊ टक्के! "जमीन तर तुमचीच आहे, फुकटच की," तो म्हणाला.

मी घराचा उतारा मागवला. त्यावर वडिलांचं नाव. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली, मृत्युपत्र नाही, वारस नोंद केलेली नाही. कर वडिलांच्या नावाने भरला जात होता आणि कोणाला काही खटकत नव्हतं. घर वडिलांनी स्वतः कमावलेलं. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा येतो. म्हणजे आई एक तृतीयांश, तो एक तृतीयांश, आणि बार्शीला दिलेली त्याची बहीण एक तृतीयांश. ज्या गच्चीवर तो आयुष्याची शिल्लक ओतायला निघाला होता, त्या गच्चीत दोन वाटे त्याचे नव्हते.

त्याचा चेहरा पडला. "ती काही मागणार नाही," तो म्हणाला. त्याने माझ्यासमोरच फोन लावला, आणि बहीण तेच म्हणाली: "मला काही नको दादा. आईला सांभाळतोस तेवढं बास."

हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे. ते खोटं नसतं, माया असतेच. पण त्यात 'माहेर तुटेल' ही भीतीही असते, आणि त्या भीतीवर आपण आपली भाड्याची मिळकत उभी करू नये. असं घाईने घेतलेलं हक्कसोडपत्र दहा वर्षांनी कोर्टात जातं, कारण तोवर भाच्यांची लग्नं झालेली असतात, जमिनीचे भाव चढलेले असतात आणि वर मजल्याचं भाडं येताना सगळ्यांना दिसत असतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं: वाटा किती, किंमत किती, हे आधी तिला कागदावर दाखवा. मग ती सोडो, घेवो, तो तिचा निर्णय. शिक्षिका लगेच म्हणाली, "माझ्या भावाने मला न विचारता असं केलं असतं तर मला काय वाटलं असतं?" त्या दिवशी खरा निर्णय तिथे झाला.

संक्रांतीला बहीण आली. घराची किंमत रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, समोर ठेवून आणि दोन एजंटना विचारून २४ लाख धरली. तिचा वाटा ८ लाख. तीन-चार तास बोलणं झालं, मध्ये रडणंही झालं. शेवटी तिने मोकळेपणाने सांगितलं की मुलीला नर्सिंगला घालायचंय आणि पैसे मिळाले तर हवे आहेत, फक्त ते तिच्या स्वतःच्या खात्यात यावेत. ठरलं असं: ४ लाख दस्ताच्या दिवशी, उरलेले ४ लाख दरमहा १० हजारांप्रमाणे ४० महिन्यांत. शिल्लक रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा दस्तातच लिहिल्या. मोबदला घेऊन हक्क सोडला की मुद्रांकाचा हिशेब बदलतो, म्हणून दस्त वकिलाकडून करून घेतला आणि त्याचा खर्च ६० हजारांच्या घरात गेला. बहिणीच्या त्या वर्षीच्या विवरणपत्रात भांडवली नफ्याचा हिशेबही दाखवला.

आईचा वाटा आईकडेच ठेवायला मी सांगितलं. ती सही करायला पेन घेऊन बसली होती. पण म्हातारपणी माणसाच्या नावावर घराचा तुकडा असणं हाच त्याचा मोठा आधार असतो, आणि मुलगा कितीही चांगला असला तरी हे बदलत नाही. बांधकामाला आणि कर्जाला तिची संमती लागली, ती तिने दिली. वारस नोंद आणि दस्त झाल्यावरच बँकेने बांधकामासाठी कर्जाचं प्रकरण हातात घेतलं. आधी वीट आणि मग कागद, असं केलं असतं तर बँकेचं दार बंदच राहिलं असतं आणि सावकाराकडे जायची वेळ आली असती.

आता सव्वानऊ टक्क्यांचं काय झालं ते बघा. बांधकाम १५.४ लाख, बहिणीचा वाटा ८ लाख, दस्त ६० हजार. एकूण २४ लाख. १ लाख ४४ हजार भाडं म्हणजे सहा टक्के. रिकामा महिना, वाढीव कर, दुरुस्ती, मोटरची वीज असे ३२ हजार वजा केले तर १ लाख १२ हजार, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आत. ठेवीपेक्षा हे कमी आहे, आणि ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण या २४ लाखांत राहत्या घराचा एक तृतीयांश हिस्साही आला आणि डोक्यावरची टांगती तलवार गेली. शिवाय भाडं वर्षागणिक वाढतं, ठेवीचं व्याज वाढेलच असं नाही. तळमजल्याचा हिस्सा बाजूला ठेवून फक्त बांधकामावर मोजलं तर हातात सव्वासात टक्के पडतात. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणी फक्त एकच सांगत असेल तर दुसरा मागून घ्यावा.

पैशांची मांडणी अशी झाली: १२ लाखांतले ४ बहिणीला, ६० हजार दस्ताला, ६ लाख ४० हजार बांधकामात, १ लाख हाताशी. ९ लाख कर्ज दहा वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी हप्ता ११,१६० च्या आसपास. दोन्ही पोर्शन भरलेले असले की भाड्यात हप्ता निघतो. बहिणीचे दहा हजार पगारातून. फ्लॅट घेतला असता तर याहून जास्त रक्कम वीस वर्षं पगारातून गेली असती.

सळया, हौद, ऊन

गच्चीवरच्या सळया पंचवीस-तीस पावसाळे खाऊन गंजल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, ब्रश मारू आणि जोडू. स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी दोन ठिकाणी पाया उघडा करायला लावला, कारण इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वडिलांनी पाया मुरमापर्यंत नेला होता का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नेला होता. मग प्रत्येक कॉलमचा माथा फोडत खाली गेले, गंज संपून चकाकती सळई लागेपर्यंत, आणि तिथून नवी सळई जोडली. यात आठवडा गेला आणि मजुरी वाढली. त्या आठवड्याबद्दल मालक कुरकुरत होता. मी म्हणेन, सगळ्या बांधकामात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे ते. वर परक्याची नातवंडं झोपणार आहेत.

महापालिकेची बांधकाम परवानगी रीतसर घेतली. 'आपल्या भागात कोण घेतंय' हे बरेच जण सांगतात, पण अनधिकृत बांधकामाला कर तर लागतोच, वर शास्तीही लागू शकते, आणि विकायच्या वेळी बँकेचा वकील पहिला नकाशा मागतो. भाडेकरू ठेवला की कराची आकारणीही बदलते. तो वाढीव कर वर धरला आहे.

पाण्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सोलापुरात भाडं पाण्यावर ठरतं. उजनीहून सुमारे ११० किलोमीटरवरून पाणी येतं, समांतर जलवाहिनीची आस शहराने वर्षानुवर्षं लावून धरली, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येणं हे इथलं रोजचं वास्तव आहे. भाडेकरू खोली बघायला येतो तेव्हा आधी विचारतो, "पाणी कसं?" खिडक्या नंतर बघतो.

शिक्षिकेने फळ्यावर मांडावा तसा हिशेब मांडला. खाली तीन माणसं, वर आजी आणि दोन नातवंडं, शेजारी दोन नर्स, एकूण आठ. माणशी रोजचे १०० लिटर म्हणजे ८००. पाच दिवसांआड पाणी धरलं तर ४,०००. उन्हाळ्यात तीन कूलर, प्रत्येकी रोज ५० लिटर पितात, म्हणजे पाच दिवसांचे आणखी ७५०. जुना हौद १,५०० लिटरचा होता. अंगणात नवा ५,००० लिटरचा हौद घेतला, आतून अडीच मीटर लांब, दोन रुंद, पाण्याची उंची एक मीटर. वर प्रत्येक पोर्शनला वेगळी ७५० लिटरची टाकी. वेगळी टाकी महत्त्वाची. एकच टाकी असली की नर्सनी कपडे धुतले म्हणून आजीचा नळ कोरडा पडतो, आणि मग भांडण सोडवायला मालकाला वर जावं लागतं. महावितरणचे मीटरही वेगळे घेतले. वीजबिल वाटून घ्यायचं ठरवलेली भाडेकरारांची प्रकरणं सगळ्यात आधी बिघडतात.

ऊन मात्र नकाशात राहून गेलं होतं. भाडेकरू आल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर गेला. नर्सपैकी एकीची रात्रपाळी, म्हणजे झोप दुपारी, थेट स्लॅबखाली. पंख्यातून वाफ यावी तशी हवा. ती खाली येऊन काकूंना म्हणाली, "काकू, मी रात्री पेशंटला इंजेक्शन देते. झोप झाली नाही तर माझा हात चुकेल." त्यावर वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. आठवड्यात गच्चीला पांढरं उष्णतारोधक कोटिंग केलं, १४ हजार गेले, खोलीत फरक पडला आणि पोरी राहिल्या. नव्याने बांधणाऱ्यांनी हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. सोलापुरात वरच्या मजल्याचा भाडेकरू उन्हाळ्यातच घर सोडायचं ठरवतो.

भाडेकरू निवडणं आणि करार

आईचं म्हणणं होतं, आपल्यातलेच बघा. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतं, त्या शहरात खोली देताना आडनाव विचारावं हे मला सहन होत नाही, आणि मी ते आईंना आदराने पण ठामपणे बोललो. नोकरी कुठे, ओळखपत्र काय, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर कोणता, एवढं विचारा. नर्सना घर मिळालं तेव्हा त्या चार ठिकाणांहून परत आलेल्या होत्या. एका ठिकाणी जात विचारली, तीन ठिकाणी रात्रपाळी चालणार नाही म्हणाले. आज आईंच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा त्याच भरून ठेवतात.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज सोलापुरात अजून घट्ट आहे. तो नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या करारात, मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या काळाची दुप्पट रक्कम मागता येते.

खर्चही फार नाही. मुद्रांक एकूण भाड्यावर आणि परत द्यायच्या अनामतीच्या वर्षाला दहा टक्के मानीव व्याजावर पाव टक्का. सहा हजार भाडं आणि वीस हजार अनामत असेल तर तो काही शे रुपयांचाच प्रश्न आहे. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार. सगळं ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती दिली. भाडं खात्यावर येतं, रोख नाही, कारण विवरणपत्रात ते दाखवायचं आहे.

करारात शिक्षिकेने स्वतः दोन ओळी घालून घेतल्या: पाणी किती दिवसांआड येतं ते भाडेकरूला आधी सांगितलं आहे, आणि पाणी कमी पडलं तर टँकरचा खर्च तिन्ही घरांत माणशी वाटायचा. अनामत किती दिवसांत परत करायची तेही लिहिलं, घर सोडल्यापासून सात दिवस. भाडेकरूच्या हक्काची ओळ मालकाने स्वतःहून लिहिलेली मी क्वचितच पाहतो.

आजची स्थिती

आजी आणि नातवंडं जुलै २०२४ मध्ये आली. दुसरा पोर्शन सप्टेंबरपर्यंत रिकामा राहिला. ते दोन महिने हप्त्याला हाताशी ठेवलेल्या लाखात हात घालावा लागला, आणि तो लाख का ठेवायचा ते दोघांना तेव्हा नीट कळलं. कराच्या बाजूने प्रकरण हलकं आहे. दोन्ही पोर्शन वर्षभर भरलेले असतील तर १ लाख ४४ हजारांतून भरलेला महापालिका कर जातो, मग ३० टक्के सरसकट वजावट, मग सुमारे ७४ हजार व्याज. करपात्र राहतात बावीस हजारांच्या आसपास. व्याज भाड्याच्या आत बसत असल्याने नव्या प्रणालीतही ते पूर्ण वजा होतं. जसजसं व्याज कमी होईल तसतसा कर वाढेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

जून २०२५ मध्ये आजीचा करार ६,३०० वर पुन्हा नोंदवला. मोठा नातू बारावी झाला, धाकटा अजून एक वर्ष आहे, म्हणून त्या थांबल्या. बहिणीच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला दहा हजार जातात, आणि तिच्या मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. मध्यंतरी शिक्षिकेने जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं पुन्हा विचारलं. मी तिला सांगितलं, बहिणीचा शेवटचा हप्ता जाऊ द्या, हाताशी पुन्हा दोन लाख जमू द्या, आणि त्या दिवशी तिथे भाडं काय चाललंय ते तुमच्या वहीत लिहून आणा. मग आपण बसू.